शरदातले दोन मासे : ट्राउट, पाइक आणि 'देशी' या शब्दाचा इतिहास

मराठीत 'गळ' हा शब्द फारशा चांगल्या सोबतीत वावरत नाही. गळ टाकणे, गळाला लागणे, आमिष दाखवणे या सगळ्याच वाक्प्रचारांत एक फसवणारा आणि एक फसणारा गृहीत धरलेला असतो. कोकणात खाडीच्या काठावर गरी टाकून तासन् तास बसणारी माणसे आहेत, देशावर नदीच्या डोहाशी बसणारीही आहेत. परंतु त्यांच्या या बसण्याची ग्रंथपरंपरा आपल्याकडे निर्माण झाली नाही. इंग्रजीत ती झाली, आणि पाचशे वर्षांहून अधिक काळ ती अखंड चालत आली आहे. गळाला इंग्रजीत 'अँगल' असा एक जुना शब्द आहे. पोटासाठी जाळे टाकणाऱ्या कोळ्यापासून वेगळा, केवळ छंद म्हणून गळाने मासे धरणारा जो माणूस, त्याला त्यावरून 'अँगलर' म्हणतात.

आम्ही मराठी साहित्य शिकवणारी माणसे. या परंपरेकडे आम्हाला माशांनी खेचले नाही, शब्दांनी खेचले. प्रस्तुत लेखात दोन माशांच्या निमित्ताने एका शब्दाचा विचार करावयाचा आहे. मासे म्हणजे ट्राउट आणि पाइक. शब्द म्हणजे 'देशी'. (पाइक या माशाचे नाव भाल्यासारख्या एका टोकदार शस्त्रावरून आले असावे असे मानतात. 'विठ्ठलाचा पाईक' म्हणतो त्यातल्या पाइकाशी त्याचा संबंध नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.)

ऋतूंचा सांधा

ब्रिटन आणि आयर्लंडमधील शरद ऋतू, म्हणजे साधारणपणे सप्टेंबर ते नोव्हेंबर, हा या दोन माशांमधला सांधा आहे. तेथील मूळचा ट्राउट म्हणजे 'ब्राउन ट्राउट'. तपकिरी-सोनेरी अंग, त्यावर काळे आणि तांबडे ठिपके, आणि थंड, वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्याची ओढ. शरद संपता संपता तो ओढ्यांमध्ये वर चढू लागतो. मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनी गोट्यांमध्ये खळगा करते, त्यात अंडी घालते आणि पुन्हा गोट्यांनी झाकते. या काळात त्याला धरू नये म्हणून स्कॉटलंडमध्ये कायद्याने ७ ऑक्टोबर ते १४ मार्च ट्राउटची बंदी असते. आयर्लंडमधील पुष्कळ तळ्यांवर आणि नद्यांवर हंगाम ३० सप्टेंबरला संपतो. त्यामुळे सप्टेंबरचा शेवटचा पंधरवडा हा अँगलरच्या वर्षातला सर्वांत उत्कट काळ असतो. दिवस आखडत चाललेले, पाणी निवू लागलेले, विणीच्या आधीचा मासा भुकेला. आणि यानंतर पाच-साडेपाच महिने काही नाही.

काही नाही, असे म्हणणारा अँगलर एका प्रकारचा. दुसऱ्या प्रकारचा अँगलर ऑक्टोबरात हलकी काठी आणि पिसांची कृत्रिम माशी बाजूला ठेवतो, जड काठी घेतो आणि त्याच तळ्यावर पाइकसाठी जातो. पाइकचे अंग लांबट, हिरवट, त्यावर फिके ठिपके. तोंड बदकाच्या चोचीसारखे चपटे. दात मागे वळलेले आणि इतके धारदार की गळाच्या वर दोऱ्याऐवजी धातूची तार लावावी लागते. तो पाठलाग करणारा मासा नव्हे, दबा धरणारा आहे. उन्हाळ्यात पाणवनस्पतींच्या दाटीत त्याला लपता येते. शरदात त्या कुजून बसतात, लहान माशांचे थवे खोल पाण्याकडे सरकतात, आणि पाइकही त्यांच्या मागे उघड्यावर येतो. त्याची वीण वसंतात असते. म्हणून शरद आणि हिवाळा हा त्याच्या पुष्ट होण्याचा काळ.

तळे तेच, होडी तीच, माणूसही तोच. बदलते ते हत्यार आणि मासा. वरवर पाहता हे निसर्गाचे वेळापत्रक आहे. पण या दोन माशांना मिळणारी प्रतिष्ठा पाहिली की ध्यानात येते, वेळापत्रकाच्या आड माणसांचा इतिहास उभा आहे. ट्राउट 'खानदानी', पाइक 'भरड'. ट्राउट 'आपला', पाइक 'उपरा'. हे निवाडे माशांनी केलेले नाहीत.

ट्राउट कुलीन कसा झाला

कृत्रिम माशीने ठिपकेदार मासे धरण्याचे वर्णन इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या ईलियन या लेखकाने केले आहे. मॅसिडोनियातील लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळतात, तिला कोंबड्याची पिसे लावतात आणि नदीतले ठिपकेदार मासे धरतात, असे तो लिहितो. हे मासे ट्राउटच असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मराठीत माशीला आणि माशाला जवळजवळ एकच रूप आहे. माशीने मासा धरण्याची ही कला त्या अर्थाने आपल्या भाषेला आधीपासूनच कळलेली आहे असे गमतीने म्हणता येईल.

इंग्रजीतला या विषयावरचा पहिला छापील ग्रंथ १४९६ सालचा. विन्किन द वर्ड या मुद्रकाने 'बुक ऑफ सेंट ऑल्बन्स' या शिकारविषयक संग्रहाच्या नव्या आवृत्तीत गळाच्या मासेमारीवरचा एक प्रबंध समाविष्ट केला. परंपरेने तो ज्युलियाना बर्नर्स या मठवासिनीच्या नावावर घातला जातो. पुरावा मात्र दुबळा आहे. त्यात बारा कृत्रिम माश्यांची कृती महिन्यांच्या क्रमाने दिली आहे. हा प्रबंध शिकारीच्या आणि ससाण्यांच्या ग्रंथात छापला गेला, ही बाब महत्त्वाची आहे. पाण्याकाठी काठी घेऊन बसणाऱ्याला त्यामुळे सरदारांच्या पंगतीत जागा मिळाली.

पुढचा टप्पा आयझॅक वॉल्टनचा. त्याचे 'द कम्प्लीट अँगलर' १६५३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. चार वर्षांपूर्वी, १६४९ मध्ये, राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला होता आणि देशावर क्रॉमवेलच्या पक्षाची सत्ता होती. वॉल्टन राजपक्षाचा आणि जुन्या चर्चचा माणूस. त्याच्या पुस्तकात मात्र ना युद्ध आहे ना रक्त. नदी आहे, कुरण आहे, खाणावळ आहे, आणि गुरुशिष्याचा सावकाश चाललेला संवाद आहे. ज्यांचा पक्ष हरला त्यांनी नदीकाठी एक पर्यायी देश उभारला, असे या पुस्तकाविषयी म्हणता येईल. आम्हाला हा ग्रंथ महत्त्वाचा वाटतो तो यासाठी, की इंग्रज माणसाच्या मनात 'अस्सल इंग्लंड' म्हणजे काय याचे जे चित्र आहे, त्यात ट्राउटचा ओढा वाहता ठेवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात त्याकडे जाते. १६७६ च्या पाचव्या आवृत्तीत वॉल्टनचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन याने स्वच्छ पाण्यात कृत्रिम माशीने ट्राउट धरण्यावर स्वतंत्र भाग जोडला, आणि ट्राउटच्या प्रतिष्ठेवर शास्त्राचा शिक्का बसला.

एकोणिसाव्या शतकात या प्रतिष्ठेचे कर्मकांड झाले. दक्षिण इंग्लंडमधील चुनखडीच्या प्रदेशातून टेस्ट, इचेन अशा नितळ नद्या वाहतात. त्यांच्या काठावरचे हक्क जमीनदारांकडे आणि मोजक्या क्लबांकडे होते. फ्रेडरिक हालफर्डने १८८६ आणि १८८९ साली लिहिलेल्या दोन ग्रंथांनी 'कोरड्या माशी'चे तंत्र प्रस्थापित केले. मासा पृष्ठभागावर किडे टिपताना आधी डोळ्यांनी दिसला पाहिजे; मग त्याच किड्यासारखी तरंगती माशी प्रवाहाच्या उलट दिशेने त्याच्यापुढे टाकायची. त्याच्या अनुयायांनी या तंत्राचा धर्म केला. जॉर्ज स्क्यूज या वकिलाने १९१० च्या आपल्या पुस्तकात पाण्याखाली बुडणारी माशी वापरण्याचे समर्थन केले, आणि तो वाद इतका लांबला की १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर वादसभा भरली. तोपर्यंत हालफर्डला जाऊन चोवीस वर्षे झाली होती. द्वैत-अद्वैताच्या सभा ज्यांनी वाचल्या आहेत अशा आपल्या वाचकांना यात फारसे नवल वाटू नये.

याच काळात माशांची वर्गवारी पक्की झाली. सॅमन आणि ट्राउट यांना शिकारीच्या जनावरांची पदवी मिळाली. उरलेले सगळे 'कोर्स', म्हणजे भरड. ही विभागणी माशांइतकीच माणसांचीही होती. रेल्वेने कारखान्यांच्या शहरांतून रविवारी कालव्यांकडे आणि मैदानी नद्यांकडे जाणारा मजूर या भरड माशांचा अँगलर होता. सॅमनच्या रक्षणासाठी इंग्लंडात १८६१ साली कायदा झाला. भरड माशांच्या विणीला १५ मार्च ते १५ जून असे संरक्षण मिळायला १८७८ साल उजाडावे लागले, आणि तो कायदा आणणारा मंडेला हा पोलादाच्या शेफील्ड शहराचा खासदार होता. पाइक या दुसऱ्या पंगतीत बसवला गेला.

पाइकची पडझड

पाइक नेहमीच दुसऱ्या पंगतीत नव्हता. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधला खाऊन-पिऊन सुखी असलेला जमीनदार आपल्या तळ्यात पाइक बाळगून आहे, आणि ते त्याच्या ऐश्वर्याचे लक्षण म्हणून सांगितले आहे. त्या काळी या माशाला 'लूस' म्हणत. लूसी घराण्याच्या कुलचिन्हावर तो होता. उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य असलेल्या ख्रिस्ती समाजात, समुद्रापासून दूर असलेल्या मठात किंवा वाड्यात, जिवंत आणि मोठा गोड्या पाण्यातला मासा हाताशी असणे ही चैन होती. धर्मसुधारणेनंतर उपवासाचे बंधन सैलावले, मठ मोडले, त्यांची तळी बुजली, आणि पाइकचे ताटातले स्थान उतरणीला लागले.

मान गेला तरी भय उरले. वॉल्टन त्याला जुलमी ठरवतो. स्विस पंडित गेस्नरच्या आधाराने काही पाइक एका पाणवनस्पतीपासून उपजतात असेही नोंदवतो. गेस्नरनेच सांगितलेली दुसरी कथा अधिक प्रसिद्ध आहे. सम्राट दुसरा फ्रेडरिक याने १२३० साली कल्ल्यात कडी घालून सोडलेला एक पाइक १४९७ साली, म्हणजे २६७ वर्षांनी, जर्मनीतील हाइलब्रोनजवळ सापडला, अशी ती कथा. त्याचा सांगाडा म्हणून मानहाइमच्या कॅथीड्रलमध्ये जे ठेवले होते, ते पुढे तपासले असता मणके प्रमाणाबाहेर निघाले. अनेक पाइकांची हाडे जोडून तो राक्षस घडवलेला होता. टेड ह्यूजची 'पाइक' ही १९६० च्या 'लुपर्कल' संग्रहातली कविता याच भयाची आधुनिक वंशज आहे. ट्राउटच्या वाट्याला असे भय कधी आले नाही. त्याच्या वाट्याला ओढ आली.

जहाजातून गेलेले देशीपण

जो मासा 'आपल्या' ओढ्याचा प्राण मानला गेला, तो इंग्रज जेथे गेला तेथे बरोबर नेला गेला. टास्मानियात ट्राउट नव्हता. विषुववृत्त ओलांडून अंडी जिवंत नेण्याचे अनेक प्रयत्न फसले. अखेर जेम्स यूल याने शेवाळात गुंडाळलेली अंडी लाकडी पेट्यांत भरून त्या बर्फाखाली ठेवण्याची युक्ती काढली, आणि 'नॉरफोक' या जहाजातून ती १८६४ च्या एप्रिलमध्ये मेलबर्नला व तेथून टास्मानियाला पोचली. मे महिन्यात पिले बाहेर आली. तेथून १८६७ साली ट्राउट न्यूझीलंडला गेला. काश्मीरसाठी १८९९ साली निघालेली अंडी वाटेत नासली. १९०० साली स्कॉटलंडहून आलेली टिकली. श्रीनगरमध्ये गालिच्यांचा कारखाना चालवणारे फ्रँक मिचेल यांनी ती वाढवण्यात पुढाकार घेतला, आणि हरवन येथे ट्राउटचे उबवणी केंद्र उभे राहिले. काही वर्षांनी नीलगिरीच्या ओढ्यांतही ट्राउट रुजला. तो मात्र रेनबो ट्राउट, मूळचा पॅसिफिकच्या अमेरिकी किनाऱ्याकडचा.

काश्मीरच्या पाण्यात आधीपासून जे मासे होते, ते स्किझोथोरॅक्स या गणातले, कार्पच्या, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातले. ट्राउटशी त्यांचे नाते नाही. तरीही इंग्रजांनी त्यांना नाव दिले 'स्नो ट्राउट'. पाहुण्याच्या नावाने यजमानाला ओळखायचे, ही वसाहतीची भाषिक रीत येथे माशांपर्यंत पोचलेली दिसते.

या प्रवासाचे हिशेब आता मांडले गेले आहेत. जगातील शंभर सर्वाधिक उपद्रवी आक्रमक जातींची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या तज्ज्ञगटाने केली, तीत ब्राउन ट्राउट आणि रेनबो ट्राउट दोघेही आहेत. न्यूझीलंडमधील गॅलॅक्सिड कुळातले लहान देशी मासे अनेक ओढ्यांतून ट्राउटपुढे हटले. पाइकचे नाव त्या यादीत नाही. पाइक निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नव्हे. जेथे तो नव्हता तेथे सोडल्यावर त्याने केलेली हानी नोंदलेली आहे. अर्थ इतकाच, की खानदानी आणि उपरा ही विशेषणे मासा कोणत्या किनाऱ्यावरून पाहिला यावर ठरतात.

परकीय मासा

हा प्रश्न आयर्लंडमध्ये सर्वांत टोकदार झाला. आयरिश भाषेत ट्राउटला 'ब्रॅक' म्हणतात. त्याचा अर्थ ठिपकेदार. पाइकला म्हणतात 'गालिअस्क', आणि त्याची फोड होते 'परका मासा'. 'गाल' म्हणजे परदेशी. हा शब्द आधी गॉल प्रांतातल्यांना, मग व्हायकिंगांना, मग नॉर्मन आणि इंग्रजांना लावला गेला. म्हणजे एक मासा अंगावरच्या ठिपक्यांनी ओळखला गेला आणि दुसरा त्याच्या परकेपणाने.

परकेपणाला इतर पुरावेही होते. बाराव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडचे वर्णन लिहिणाऱ्या जेराल्ड ऑफ वेल्सने तेथे न आढळणाऱ्या माशांत पाइकची गणना केली आहे. भूगोलही त्याच बाजूचा. हिमयुगाअखेरीस आयर्लंड समुद्राने वेगळे पडले. ट्राउट खाऱ्या पाण्यात जगू शकतो, तो पोहत आला असणार. पाइकला खारे पाणी फारसे मानवत नाही. आर्थर वेंट यांनी १९५७ साली जुनी कागदपत्रे चाळून पाइक माणसाने आणला असा निष्कर्ष मांडला, आणि तो रूढ झाला.

या निष्कर्षाचे परिणाम केवळ ग्रंथात राहिले नाहीत. १९५१ साली आयर्लंडात 'इनलँड फिशरीज ट्रस्ट' ही संस्था स्थापन झाली, आणि ट्राउटच्या वाढीसाठी मोठ्या तळ्यांतून पाइक जाळ्यांनी काढून नष्ट करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. नव्या स्वतंत्र देशाला पर्यटक हवे होते, पर्यटकांना ट्राउट हवा होता. पश्चिमेकडची कॉरिब, मास्क, कॅरा, कॉन, कलिन ही तळी आणि जोडीला ॲरो व शीलिन, अशी सात तळी पुढे रानटी ट्राउटची म्हणून व्यवस्थापनासाठी निश्चित झाली. दुसरीकडे २००६ च्या उपविधीने पाइकला संरक्षणही दिले : दिवसाला एकच पाइक, आणि ५० सेंटिमीटरहून मोठा मारायचा नाही. एकाच राज्यात अँगलरने मोठा पाइक सोडून द्यावा आणि सरकारी जाळ्याने तो काढून टाकावा, अशी परिस्थिती निर्माण झाली.

२०१४ साली 'जर्नल ऑफ बायोजिओग्राफी'त डब्लिनमधील संशोधकांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. आयर्लंडमधील पाइकांचे दोन गट दिसतात. त्यांतला एक सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी नैसर्गिकरीत्या आलेला असावा आणि दुसरा फार पुढे माणसाने आणलेला असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. पाइकप्रेमींनी त्याचे स्वागत केले. त्यांचा मासा रातोरात देशी झाला होता. पुढल्याच वर्षी त्याच नियतकालिकात प्रतिवाद आला की केवळ माणसाने आणल्याची शक्यता या पुराव्याने बाद होत नाही. आमच्या समजुतीप्रमाणे अडचण अशी आहे : दोन वंश केव्हा वेगळे झाले हे जनुके सांगू शकतात, ते कोठे वेगळे झाले हे तितक्या ठामपणे सांगत नाहीत.

येथे भाषेचा पुरावा किती मानायचा याचाही विचार केला पाहिजे. 'गालिअस्क' हे नाव पाइक परका असल्याचा साक्षीदार म्हणून उभे केले जाते. परंतु सीताफळ आणि रामफळ ही दोन्ही फळे अमेरिका खंडातली आहेत. रामायणातल्या नावांनी ती आपल्या परसात इतकी रुजली की त्यांना परदेशी म्हणणे कानाला चमत्कारिक वाटते. उलट विलायती चिंच त्याच खंडातून आली, आणि तिच्या नावात मात्र विलायत राहून गेली. नाव हे आगमनाचा दाखला नसते. ज्या काळी ते नाव पडले त्या काळच्या लोकांना ती वस्तू कशी वाटली, एवढेच ते सांगते. 'गालिअस्क' म्हणणाऱ्या आयरिश माणसाला तो मासा परक्यांच्या तळ्यांतला, परक्यांच्या ताटातला वाटला असेल. मासा आधीपासून दुसऱ्या कुठल्या तळ्यात होता की नाही, हे त्याच्या शब्दावरून ठरत नाही.

आणि 'अस्सल' ट्राउट-अँगलर तरी कोण? येट्सच्या १९१६ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'द फिशरमन' या कवितेत करड्या कॉनेमारा कापडातला एक माणूस पहाटे डोंगरातल्या ओढ्यावर माशी टाकायला निघतो. कवीला तो आपल्या जातीचा आदर्श वाटतो. त्याच कवितेत कवी हेही सांगतो, की असा माणूस अस्तित्वात नाही. तो एक स्वप्न आहे. देशीपणाविषयी इतकी प्रांजळ कबुली आम्हाला दुसरीकडे क्वचितच आढळली आहे.

पुण्याचा मासा, कावेरीचा उपरा

एवढ्यावर थांबलो तर 'देशी-परदेशी सगळे मनाचे खेळ' असा सोपा निष्कर्ष निघेल. तो आम्हाला मान्य नाही. त्यासाठी आपल्या घराजवळचे एक उदाहरण पाहू.

मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांचा अभ्यास करून १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतील महाशीराचे वर्णन प्रसिद्ध केले. येथील लोकांकडून ऐकलेल्या नावावरून त्यांनी त्याला 'खुद्री' म्हटले. आज शास्त्रात तो 'टॉर खुद्री' आहे. विसाव्या शतकात धरणे आणि प्रदूषण यांमुळे महाशीर घटू लागला, तेव्हा लोणावळ्याजवळ वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने त्याची कृत्रिम पैदास सुरू केली. १९७० च्या दशकापासून चाललेले हे काम चांगल्याच हेतूचे होते. तेथली बोटुकली अनेक राज्यांत गेली, आणि कावेरीतही खुद्री सोडला गेला.

कावेरीत स्वतःचा एक महाशीर होता. उंच पाठीचा, प्रचंड वाढणारा; इंग्रज शिकाऱ्यांच्या काळापासून जगभरचे अँगलर त्याच्यासाठी येत. त्याला 'हंपबॅक' म्हणत, पण त्याचे शास्त्रीय नाव निश्चित नव्हते. १९९८ ते २०१२ या काळातील कावेरीवरच्या अँगलर-शिबिरांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा उंच पाठीचा महाशीर गळाला लागणे झपाट्याने कमी होत गेल्याचे आणि खुद्रीचे प्रमाण वाढत गेल्याचे दिसले. २०१८ साली या माशाची ओळख 'टॉर रेमादेवी' म्हणून पटली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. वर्षानुवर्षे ज्याची छायाचित्रे काढली गेली, त्याला संरक्षण मिळण्यासाठी आधी नाव मिळावे लागले. तोवर त्याची जागा शेजारच्या नदीच्या माशाने बरीचशी घेतली होती.

खुद्री हा भारतीय, द्वीपकल्पीय, महाराष्ट्राच्या मातीतला मासा. तो कावेरीत परदेशी कसा? देशाच्या सीमा नदीला ठाऊक नसतात. माशाचा देश म्हणजे त्याचे खोरे. ट्राउटच्या बाबतीत तर तो देश आणखी लहान होतो. आयर्लंडच्या वायव्येकडील मेल्विन तळ्यात सॉनाहन, गिलारू आणि फेरॉक्स असे ब्राउन ट्राउटचे तीन प्रकार एकत्र राहतात. बेलफास्टच्या संशोधकांनी दाखवून दिले, की ते वेगवेगळ्या जागी विणतात आणि म्हणून जनुकीयदृष्ट्या वेगळे राहिले आहेत. हजारो वर्षांत घडलेली ही भिन्नता एखाद्या चुकीच्या सोडणुकीने पुसली जाऊ शकते. म्हणून ट्राउटच्या बाजूने जाळी टाकणाऱ्यांची भीती निव्वळ वर्गाभिमान म्हणून उडवून लावता येत नाही.

विचारायचा प्रश्न

आमच्या मते इतिहास येथे दोन गोष्टी शिकवतो, आणि त्या एकमेकींना ओढून धरतात. पहिली, 'देशी' हा शब्द तारखेवाचून अपुरा आहे. आठ हजार वर्षे, आठशे वर्षे की ऐंशी वर्षे, हे सांगितल्याखेरीज तो शब्द न्यायाचा आव आणतो आणि आवडीनिवडी मांडतो. ट्राउटची प्रतिष्ठा जमीनदारी, छापखाना आणि जहाजे यांनी घडवली; पाइकची अप्रतिष्ठा उपवास सुटल्याने आणि पंगत बदलल्याने झाली. एखाद्या जिवाला मारण्याचे कारण म्हणून यातले काहीही पुरेसे नाही.

दुसरी गोष्ट, हानी मात्र खरी असते. कावेरीतल्या उंच पाठीच्या महाशीराला 'देशीपण ही कल्पना आहे' हे तत्त्वज्ञान वाचवू शकत नाही. म्हणून 'हा मासा कोठला?' या प्रश्नाऐवजी 'या पाण्यात हा आला वा राहिला तर येथले काय कायमचे जाईल?' हा प्रश्न विचारला पाहिजे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अभिमान देतो. दुसऱ्याचे उत्तर द्यायला त्या विशिष्ट पाण्याकडे वर्षानुवर्षे पाहावे लागते.

आणि असे पाहणारा माणूस बहुधा अँगलरच असतो. कावेरीची कहाणी उलगडली ती शिबिरांच्या वहीतल्या नोंदींवरून : तारीख, जागा, मासा, वजन. जो शरदात सप्टेंबरअखेर ट्राउट धरतो आणि ऑक्टोबरात त्याच तळ्यावर पाइक, त्याच्याकडे दोन्ही बाजूंचा पुरावा असतो. तळ्याच्या पोटात कोण वाढले, कोण रोडावले, हे त्याला क्लबाच्या वादसभेआधी कळते. पाच शतकांच्या ग्रंथपरंपरेने ट्राउटवर स्तोत्रे रचली आणि पाइकवर भयकथा. इतिहासाच्या दृष्टीने त्या सगळ्यापेक्षा अँगलरची साधी, ओल लागलेली वही अधिक मोलाची आहे. तिच्यात माशांची कुळे लिहिलेली नसतात, फक्त आलेले मासे लिहिलेले असतात. आपल्याकडे खाडीकाठी गरी टाकून बसणाऱ्या माणसाच्या डोक्यातही अशी वही असते. ती कोणी उतरवून घेतलेली नाही. मुळा-मुठेपासून कृष्णेपर्यंतच्या डोहांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास कधी लिहायचा झालाच, तर त्या माणसाकडे जावे लागेल. आणि तो आहे तोवरच जावे लागेल.